एका दशांशाची चुरस

इंग्लंडमधल्या हवामानवेड्यांचा एक खेळ आहे. त्याला ना मैदान लागतं, ना साहित्य. महिना उजाडण्याआधी प्रत्येकाने एक आकडा सांगायचा: येत्या महिन्यात मध्य इंग्लंडचं सरासरी तापमान किती राहील? आकडा सेल्सियसमध्ये आणि एका दशांशापर्यंत. कुणी 4.3 म्हणतो, कुणी 5.1, एखादा धाडसी गडी थेट 1.9 वर उडी मारतो. महिना संपल्यावर अधिकृत आकडा जाहीर होतो आणि ज्याचा अंदाज सगळ्यांत जवळ, तो त्या महिन्याचा विजेता. बक्षीस म्हणाल तर शाबासकी, तीही थोडी चिडवत दिलेली. लगेच पुढच्या महिन्याचा डाव मांडला जातो.

नियम मोजकेच असतात, पण पाळले जातात ते कडक. अंदाज उशिरा दिला तर गुण कापतात, कारण महिन्याचे पहिले तीन दिवस पाहून मग तोंड उघडणं ही लबाडीच. दोघांचा आकडा सारखाच बरोबर आला तर ज्याने आधी सांगितला तो पुढे. बारा महिन्यांच्या चुकांची बेरीज करून वर्षाची क्रमवारीही लावतात. काही मंडळी पावसाचाही डाव खेळतात. त्यासाठी इंग्लंड आणि वेल्सच्या एकत्रित मासिक पावसाची 1766 पासूनची मालिका हाताशी आहे. पण खरी रंगत तापमानाचीच, आणि त्याचं कारण ज्या मापाने ते तापमान मोजलं जातं त्यात आहे.

त्या मापाचं नाव ‘सेंट्रल इंग्लंड टेंपरेचर’, बोलीत सीईटी. (आपल्याकडच्या बारावीनंतरच्या धास्तीशी याचा संबंध नाही.) लँकेशर, लंडन आणि ब्रिस्टल यांच्यामध्ये ढोबळ त्रिकोण काढला तर जो प्रदेश येतो, त्याचं हे सरासरी तापमान. यंत्राने केलेल्या नोंदींवर आधारलेली एवढी लांब मासिक तापमानमालिका जगात दुसरी नाही. ती सुरू होते 1659 मध्ये. ते इकडे शिवाजी महाराज आणि अफझलखान यांच्या भेटीचं वर्ष. दैनंदिन आकडे 1772 पासूनचे मिळतात.

ही मालिका रचली गॉर्डन मॅनली नावाच्या भूगोलाच्या प्राध्यापकाने. मॅनली हा कागदावर हवामान शोधणारा माणूस नव्हता. पेनाइन डोंगररांगेत ‘हेल्म विंड’ नावाचा एक बोचरा स्थानिक वारा वाहतो. त्याचा छडा लावायला त्याने 1930 च्या दशकात ग्रेट डन फेल या उघड्याबोडक्या माथ्यावर झोपडीवजा वेधशाळा थाटली होती. सीईटीचं काम मात्र बैठं आणि चिवट. जुन्या रोजनिश्या गोळा करायच्या, कुणाचा तापमापक कुठे टांगलेला होता ते शोधायचं, त्याची खोड ओळखायची आणि एका ठिकाणचे आकडे दुसऱ्याशी जुळवून घ्यायचे. पहिला मोठा निबंध 1953 मध्ये आला, 1659 पर्यंत मागे नेणारा दुसरा 1974 मध्ये.

या रोजनिश्या लिहिल्या कुणी? पाद्री, डॉक्टर, जमीनदार अशा हौशी लोकांनीच. रटलंड परगण्यातल्या लिंडन गावचा टॉमस बार्कर हा त्यांतला एक. शाकाहारी जमीनदार, धूमकेतूंचा अभ्यासक, निसर्गलेखक गिल्बर्ट व्हाइट याचा मेहुणा. अठराव्या शतकातली कित्येक दशकं तो न चुकता वायुभार, तापमान आणि पाऊस टिपत राहिला. त्या काळी तापमापक बाहेर ठेवायची पद्धतही रुळलेली नव्हती. 1723 मध्ये रॉयल सोसायटीच्या जेम्स ज्युरिनने निरीक्षकांना सूचना काढली, ती शेकोटी न पेटणाऱ्या, उत्तरेकडे तोंड असलेल्या खोलीत तापमापक ठेवा अशी! म्हणजे काही वर्षांचं इंग्लंडचं हवामान हे खरं तर इंग्लंडमधल्या गार खोल्यांचं हवामान, आणि त्यातून बाहेरची हवा ओळखून काढणं हे मॅनलीचं काम. आज शनिवारी संध्याकाळी नकाशे पाहत आकडा ठरवणारा हौशी माणूस तीनशे वर्षांपूर्वीच्या हौशी माणसांनी घडवलेल्या पट्टीवर आपली अक्कल मोजून घेत असतो. मला या खेळातली सगळ्यांत लोभस गोष्ट वाटते ती हीच.

आता ही पट्टी ब्रिटनच्या हवामान खात्याचं हॅडली केंद्र सांभाळतं. हर्टफर्डशरमधलं रॉथॅमस्टेड, वूस्टरशरमधलं पर्शोर आणि लँकेशरमधलं स्टोनीहर्स्ट ही तिची सध्याची केंद्रं. दिवसाचं कमाल आणि किमान तापमान मिळवून निम्मं करायचं, की झाली त्या दिवसाची सरासरी. शहरं वाढल्यामुळे तापमान जे थोडं फुगतं, ते वजा करायचीही सोय आहे. चालू महिन्याचा तात्पुरता आकडा रोज जाहीर होतो. खेळाची लज्जत महिनाभर टिकते ती त्यामुळे.

समजा, नोव्हेंबरसाठी तुम्ही 7.0 सांगितलंय. वीस तारखेपर्यंतची सरासरी 6.0 आली. आता उरलेले दहा दिवस 9.0 च्या सरासरीने गेले तरच तुमची लाज राहील. नोव्हेंबरच्या अखेरीला सलग दहा दिवस 9.0 म्हणजे अटलांटिकवरून सतत दमट, ऊबदार वारा हवा. मग माणूस रात्री उठून किमान तापमान बघतो. ढग असावेत, आकाश निरभ्र होऊ नये अशी मनापासून इच्छा करतो, कारण निरभ्र रात्र पारा खाली खेचते. लोक ऊन पडावं म्हणून देवाला साकडं घालतात, तर हा ढगांसाठी. क्रिकेटच्या शेवटच्या षटकांतला धावांचा हिशेब ज्याने केलाय, त्याला ही तगमग वेगळी समजावून सांगायला नको. एवढ्यावरही सुटका नसते, कारण महिना संपल्यावर तात्पुरता आकडा तपासला जातो आणि एखाद-दुसऱ्या दशांशाने सरकतो. एका दशांशावर निकाल फिरणाऱ्या खेळात ही सरकवासरकवी जिव्हारी लागते.

सगळे महिने सारखे अवघड नसतात. जुलैचं उदाहरण घ्या. 1659 पासूनचा सगळ्यांत थंड जुलै 1816 चा, 13.4 अंशांचा. आदल्या वर्षी एप्रिलमध्ये इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला होता आणि त्याच्या धुराळ्याने युरोपचा उन्हाळाच गिळला. सगळ्यांत उष्ण जुलै 2006 चा, पावणेवीसच्या आसपास. म्हणजे साडेतीनशे वर्षांतला सगळा पसारा सहा-सव्वासहा अंशांचा. जानेवारीत तोच पसारा साडेदहा अंशांवर जातो: 1795 मध्ये उणे 3.1, तर 1916 मध्ये 7.5. उन्हाळ्यात समुद्र आणि जमीन यांच्या तापमानात फार अंतर नसतं, त्यामुळे वारा कुठूनही आला तरी फरक बेताचा. हिवाळ्यात पश्चिमेला कोमट अटलांटिक आणि पूर्वेला गोठलेला रशिया, अशा दोन जगांच्या मधोमध हे बेट पडतं. कुठलं दार उघडेल त्यावर महिन्याचं नशीब. म्हणून जुलै जिंकणाऱ्याला शाबासकी मिळते आणि जानेवारी जिंकणाऱ्याची आठवण राहते.

डिसेंबरने तर पाच वर्षांच्या अंतराने दोन्ही टोकं दाखवली. या महिन्याची 1961 ते 1990 या काळातली सरासरी 4.7. डिसेंबर 2010 शून्याखाली गेला. 1890 नंतर एवढा थंड डिसेंबर इंग्लंडने पाहिला नव्हता आणि फेब्रुवारी 1986 नंतर कुठलाच महिना शून्याखाली गेला नव्हता. मग आला डिसेंबर 2015. तोवरचा ऊबदार डिसेंबरचा विक्रम 8.1 चा, 1934 आणि 1974 या दोन वर्षांच्या नावावर. 2015 ने तो जवळपास दीड अंशाने मोडला. दशांशाने मोडायचे विक्रम असे अंशांनी मोडले जातात तेव्हा अंदाज बांधणाऱ्याने करायचं काय? तो डिसेंबर त्याच वर्षीच्या एप्रिलपेक्षा ऊबदार होता. महिन्याआधी कुणी साडेनऊच्या वरचा आकडा सांगितला असता, तर तो थट्टेवारी नेला गेला असता.

आकडा काढायच्या तऱ्हा माणसागणिक वेगळ्या. काही जण युरोपीय आणि अमेरिकी संगणकी प्रारूपांचे दोन आठवड्यांचे अंदाज पाहतात आणि उरलेला महिना अनुभवाने भरतात. काही प्रशांत महासागराचं पाणी तापलंय की निवलंय ते बघतात. काही सूर्यावरचे डाग मोजतात. त्यांच्याशी वाद घालू नये, ते कंटाळत नाहीत. म्हणींवर भिस्त ठेवणारे आता कमी. आपल्या पंचांगात नक्षत्राला बेडूक, म्हैस, हत्ती अशी वाहनं असतात आणि त्यावरून पाऊस सांगतात. तसा त्यांच्याकडे 15 जुलैचा सेंट स्विदिनचा दिवस. त्या दिवशी पाऊस झाला तर पुढे चाळीस दिवस झोडपणार, अशी समजूत आहे. नोंदी मात्र तिला साथ देत नाहीत.

हिवाळ्याचा आकडा काढताना जवळपास सगळेच एका गोष्टीवर नजर ठेवतात आणि तिचा धागा थेट हिंदुस्थानात येतो. आइसलँडजवळचा कमी दाब आणि अझोर बेटांजवळचा जास्त दाब यांच्यातला फरक वाढला, की पश्चिमी वारे जोर धरतात आणि इंग्लंडचा हिवाळा सौम्य, ओला जातो. फरक घटला किंवा उलटला, की पूर्वेचं दार उघडतं. हिवाळ्यागणिक होणाऱ्या या हेलकाव्याला ‘नॉर्थ अटलांटिक ऑसिलेशन’ हे नाव दिलं गिल्बर्ट वॉकर याने. हा केंब्रिजचा गणिती 1904 ते 1924 अशी वीस वर्षं हिंदुस्थानातल्या वेधशाळांचा प्रमुख होता. मुक्काम सिमल्याला. 1899 च्या भीषण दुष्काळानंतर मान्सूनचा अंदाज कसा सुधारायचा, हा सरकारपुढचा प्रश्न होता. वॉकरने जगभरच्या वेधशाळांचे आकडे मागवले, हाताखालच्या हिंदी कारकुनांकडून त्यांचे परस्परसंबंध काढून घेतले आणि त्या आकडेमोडीच्या डोंगरातून हे हेलकावे निघाले. प्रशांत आणि हिंदी महासागरांमधला ‘सदर्न ऑसिलेशन’ त्यांतलाच. पुढे एल निन्योचं गणित त्याच्याशी जोडलं गेलं. या खात्याचं मुख्यालय 1928 मध्ये पुण्याला आलं, तोवर वॉकर मायदेशी परतला होता. मान्सूनचा ठाव घ्यायला निघालेल्या माणसाची ही शिल्लक आता इंग्लंडमधले हौशी लोक जानेवारीचा आकडा ठरवायला वापरतात.

यापेक्षा मोहात पाडणारी खूण आणखी वर असते, तीसेक किलोमीटर उंचीवर. हिवाळ्यात ध्रुवावरच्या स्थितांबरात कधी कधी थोड्या दिवसांत तापमान पन्नास-पन्नास अंशांनी चढतं आणि ध्रुवाभोवती फिरणारा वाऱ्याचा भोवरा मोडतो. रिचर्ड शेरहाग याने 1952 मध्ये बर्लिनवरच्या फुग्यांच्या नोंदींत हे पहिल्यांदा पाहिलं. फेब्रुवारी 2018 मध्ये असा भोवरा मोडला आणि महिनाअखेरीस पूर्वेचा बर्फाळ वारा इंग्लंडवर कोसळला. वर्तमानपत्रांनी त्याचं ‘बीस्ट फ्रॉम द ईस्ट’ असं बारसं केलं. पुढच्याच हिवाळ्यात, जानेवारी 2019 च्या सुरुवातीला, भोवरा पुन्हा मोडला. साहजिकच हौशी मंडळींच्या अंगात आलं. प्रत्यक्षात घडलं काय, तर 26 फेब्रुवारी 2019 ला लंडनच्या क्यू उद्यानात पारा 21.2 वर गेला आणि ब्रिटनमधला हिवाळी उष्म्याचा विक्रम झाला. कारण तेच, परिणाम उफराटा.

असल्या धक्क्यांमुळे खेळात एक चमत्कारिक पेच उभा राहतो. गेल्या तीस वर्षांची त्या महिन्याची सरासरी काढायची आणि डोळे मिटून तोच आकडा दर महिन्याला सांगायचा, असा कुणी आळशी खेळाडू असेल तर तो क्वचितच एखादा महिना जिंकेल. पण वर्षअखेरच्या क्रमवारीत तो पुष्कळ अभ्यासूंच्या वर दिसायची शक्यता दांडगी. महिना जिंकायला सरासरीपासून दूर जायचं धाडस लागतं आणि वर्ष जिंकायला ते धाडस आवरावं लागतं. अमेरिकी महाविद्यालयांमध्ये ‘डब्ल्यूएक्स चॅलेंज’ नावाची मोठी स्पर्धा चालते. तिच्यात दुसऱ्या दिवसाचं कमाल-किमान तापमान, वारा आणि पाऊस सांगायचा असतो. तिथेही सगळ्या स्पर्धकांच्या अंदाजांची सरासरी स्वतंत्र मोजतात आणि तिला मागे टाकणं भल्याभल्यांना जड जातं.

आळशी माणसाशी तुलना करायची ही रीत जुनी आहे. अमेरिकी लष्करातला सार्जंट जॉन फिन्ली 1884 मध्ये टोर्नाडोचे अंदाज देऊ लागला आणि त्याची अचूकता 96.6 टक्के भरली. कुणालाही हेवा वाटावा असा आकडा. मग ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट या भूशास्त्रज्ञाने दाखवलं, की रोज नुसतं ‘टोर्नाडो येणार नाही’ म्हटलं असतं तर अचूकता 98.2 टक्के झाली असती! तेव्हापासून हवामानाच्या अंदाजाला पहिला प्रश्न विचारतात तो हा, की काहीच न कळणाऱ्यापेक्षा तुम्हाला किती जास्त कळलं? सीईटीच्या खेळात हा प्रश्न दर महिन्याला, चारचौघांत, नावानिशी विचारला जातो. चहाच्या टपरीवर ‘मी म्हटलंच होतं’ म्हणणारे आपल्याकडेही ढिगाने भेटतात, पण त्यांनी नेमकं काय म्हटलं होतं ते कुठे लिहिलेलं नसतं.

सरासरीवर समाधान न मानणाऱ्यांचा आवडता मार्ग म्हणजे जुळी वर्षं शोधणं. यंदाचा ऑक्टोबर कुठल्या जुन्या ऑक्टोबरसारखा गेला, त्या वर्षी पुढे काय झालं, असं उलटं चाळत जायचं. लांबलचक मालिकेचा हा लोभ आहे आणि फसवणूकही. मालिका मागे जाईल तशी पातळ होते. सतराव्या शतकातले महिने मॅनलीने दशांशापर्यंत न ताणता अर्ध्या किंवा पूर्ण अंशापर्यंतच दिले, कारण त्याहून जास्त त्याला खात्री नव्हती. 1707 ते 1722 या काळात तर इंग्लंडमधल्या भरवशाच्या नोंदीच तुटपुंज्या होत्या. तेव्हा त्याने रोजनिश्यांमधल्या वर्णनांबरोबर हॉलंडमधल्या उट्रेख्टच्या नोंदींचा आधार घेतला. 1716 च्या जानेवारीत थेम्स गोठली, तिच्यावर जत्रा भरली. थंडीची हौस असलेल्यांना ते वर्ष फार प्रिय. पण त्यावरून येत्या जानेवारीचा आकडा काढणारा इंग्रज एका दशांशापर्यंत जे जुळवत बसलेला असतो, त्यात बराचसा वाटा डच थंडीचा असतो.