मनोरा नसलेली धावपट्टी

जतच्या माळावर उभे राहून वर पाहिले म्हणजे आकाशाला अंतच नाही असे वाटते. एवढ्या विस्तारात दोन विमानांची गाठ पडावी आणि त्यांचा चुराडा व्हावा, हे प्रथमदर्शनी पटत नाही. परंतु दुष्काळाच्या वर्षी आपण पाहिलेच आहे की, माळ कितीही मोठा असला तरी टँकर आला म्हणजे साऱ्या गावच्या घागरी एकाच नळीखाली येतात. विमानांचेही तसेच आहे. त्यांस आकाश पुष्कळ, पण उतरावयास पट्टी एक. आणि तिच्यावर एका वेळी एकच विमान असावे, हा नियम.

मोठ्या विमानतळावर हा नियम पाळवून घेण्यासाठी उंच मनोऱ्यात अधिकारी बसलेला असतो. त्याच्या परवानगीवाचून कोणाचे चाक पट्टीवर येत नाही. सर्वच ठिकाणी अशी सोय नसते. आपल्या बाजूस कराडची धावपट्टी आहे. ती कोयना प्रकल्पाच्या काळातील. पलीकडे बारामतीस वैमानिकांचे शिक्षण चालत आले आहे. तेथे अनेक वर्षे सरकारी नियंत्रण मनोरा नव्हता; कोण उडाले, कोण उतरते आहे, ही माहिती शिक्षणसंस्थांचीच माणसे रेडिओवर देत. माहिती देणे आणि परवानगी देणे यांत मोठे अंतर आहे. माहिती ऐकून निर्णय ज्याचा त्याने घ्यावयाचा. आणि शिक्षणाच्या विमानतळावर हा निर्णय घेणारा कधी कधी विशीतला, आयुष्यात प्रथमच एकटा उडणारा विद्यार्थी असतो. व्यावसायिक परवान्यास आपल्याकडे किमान २०० तासांचे उड्डाण लागते, आणि त्यातले १०० तास विमानाचा प्रमुख या नात्याने करावे लागतात. तेव्हा एकट्याने उडणे ही शिक्षणातील चैन नव्हे, तो अभ्यासक्रमच आहे.

या विद्यार्थ्याचा बराचसा वेळ धावपट्टीभोवती फेरे घालण्यात जातो. विमान वाऱ्याच्या तोंडावर उडते, डावीकडे वळते, पुन्हा डावीकडे वळून धावपट्टीला समांतर पण उलट दिशेने जाते, मग आणखी दोन वळणे घेऊन पट्टीसमोर येते आणि उतरते. हा लांबट चौकोन जमिनीपासून सुमारे १,००० फुटांवर असतो. सर्वांनी एकाच बाजूने फिरावे, म्हणजे कोण कोठे असेल याचा अंदाज राहतो. जत्रेत प्रदक्षिणेला कोणी उलटा फिरू लागला तर काय होते, ते सांगावयास नको. बारामतीच्या पट्टीच्या एका टोकाचा आकडा ११ व दुसऱ्याचा २९. होकायंत्रावरील ११० व २९० अंश या दिशांचे ते संक्षेप होत. पश्चिमेचा वारा असेल तर २९ च्या दिशेने उडावयाचे, हे उघड आहे. खरी पंचाईत वारा पडल्यावर होते. मग दोन्ही टोके सारखीच सोयीची, आणि एकाने हे टोक धरले व दुसऱ्याने ते, तर दोघे समोरासमोर येतात.

म्हणून प्रत्येक वळणावर वैमानिकाने आपले नाव, ठिकाण आणि बेत रेडिओवर बोलावा, असा रिवाज आहे. घाटातल्या वळणावर एस.टी.चा ड्रायव्हर भोंगा वाजवतो, त्यातलाच हा प्रकार. पण भोंग्याला उत्तर आले, एवढ्याने ते कोणाचे ते कळत नाही.

याचे दारुण उदाहरण अमेरिकेतील क्विन्सी गावी घडले. १९ नोव्हेंबर १९९६ ची संध्याकाळ. विमानतळास मनोरा नव्हता आणि तेथील धावपट्ट्या एकमेकींस छेदणाऱ्या होत्या. १२ जणांना घेऊन येणारे एक छोटे प्रवासी विमान एका पट्टीवर उतरत होते. दुसरीच्या तोंडाशी एक किंग एअर विमान उभे होते व त्याच्यामागे एक लहानसे चेरोकी. प्रवासी विमानाने आपले ठिकाण वारंवार कळविले, आणि शेवटी विचारले की, पट्टीवर उभे असलेले विमान थांबणार आहे की उडणार आहे? उत्तर आले, पण ते दिले मागच्या चेरोकीने. नेमक्या त्याच क्षणी प्रवासी विमानातील यंत्राने उंचीची सूचना मोठ्याने उच्चारली आणि उत्तराचा काही भाग तिच्याखाली बुडाला. किंग एअर थांबले आहे, असे समजून वैमानिक निर्धास्त झाले. किंग एअरने त्या प्रश्नाला उत्तरच दिले नव्हते. ते धावू लागले आणि दोन्ही पट्ट्या मिळतात तेथेच टक्कर झाली. दोन्ही विमानांतील मिळून १४ माणसे गेली. प्रवासी विमानातील लोक टकरीने मेले नव्हते. दार उघडले नाही, आणि आगीने व धुराने त्यांचा घात केला. चौकशीत मुख्य दोष किंग एअरच्या वैमानिकांकडे गेला: त्यांनी रेडिओकडे नीट कान दिला नाही व नजरही फिरवली नाही. चेरोकीच्या अर्धवट उत्तराचीही नोंद झाली. माझ्या मते शिक्षकांनी हीच दुसरी नोंद वर्गात अधिक वेळ समजावून सांगावी. कारण त्या उत्तरात वाईट हेतूचा लवलेश नव्हता, मदतच करावयाची होती.

कान फसतात म्हणून डोळ्यांवर भिस्त ठेवावी, तर त्यांचीही मर्यादा आहे. ज्या विमानाशी टक्कर व्हावयाची, ते काचेत एकाच जागी स्थिर दिसते. सरकत नाही, फक्त हळूहळू मोठे होते, आणि माणसाची नजर हालचालीला पटकन पकडते, स्थिर ठिपक्याला नाही. शिवाय शिक्षणाच्या सेस्ना विमानाचे पंख छतावर असतात, ते वरचे झाकतात. काही विमानांचे पंख खाली असतात, ते खालचे झाकतात. असे दुसऱ्या जातीचे विमान पहिल्याच्या वर येऊन दोघेही उतरू लागले, तर एकालाही दुसरा दिसत नाही.

त्यात वेगाची तफावत. सेस्ना उतरताना ताशी सुमारे १२० किलोमीटर असते, लहान जेट २२० च्या आसपास. दहा किलोमीटरवरून सरळ येणारे जेट पावणेतीन मिनिटांत पट्टीवर येते. विद्यार्थी त्या वेळी समांतर बाजूवर, पट्टीच्या टोकासमोर असेल, तर त्यालाही उतरावयास दोन-अडीच मिनिटेच लागतात. कायदा सांगतो की खालचे विमान आधी उतरेल, पण त्याने या सवलतीचा फायदा घेऊन दुसऱ्याच्या पुढे घुसू नये. दोघांनीही आपण आधी असे मानले, तर कायदा काय करणार? येथे शहाण्या विद्यार्थ्याने समांतर बाजू थोडी लांबवावी आणि जेट डोळ्यांनी दिसून मागे पडेपर्यंत वळू नये. पाहुणा गेला की पट्टी आपलीच आहे.

आणि तरीही पट्टीवर कोणी दिसलेच, तर उतरणे सोडून पुन्हा वर जावे. लहान विमानतळांवर टोकापर्यंत जाण्यास वेगळा रस्ता नसला, तर विमानास पट्टीवरूनच उलट चालत जावे लागते, आणि ती काही मिनिटे अडून राहते. म्हणून हा प्रसंग वारंवार येतो. नवशिक्यास मात्र त्यात कमीपणा वाटतो. खाली शिक्षक पाहतो आहे, मित्र पाहताहेत, पेट्रोल जळते आहे, तासाचे पैसे वडिलांनी कर्ज काढून भरलेले आहेत! शिक्षकाने पहिल्या दिवसापासून हे माघारी फिरणे रोजच्या सरावात घातले, तर ती लाज उरत नाही. काही शिक्षक मुद्दाम, पट्टी मोकळी असतानाही, ऐन वेळी तसे करावयास लावतात.

रेडिओच बंद पडला तर? असे विमान फेऱ्याच्या उंचीहून बरेच वर राहून पट्टीवरून जाते, वातदर्शक पिशवी कोणीकडे फुगली आहे ते पाहते, फेऱ्यातील विमाने मोजते, आणि त्यांतल्या शेवटच्याच्या मागे जागा धरते. त्याचा आवाज कोणालाच ऐकू येत नाही. फेऱ्यातल्या कोणाला तरी ते दिसते, आणि तो बाकीच्यांस सांगतो की, माझ्या मागे एक मुके विमान आहे, त्याला आधी उतरू द्या.