पतअहवालातील अनोळखी चौकशी : घाबरू नका, जागे व्हा

तथागतांनी अनाथपिंडिकास गृहस्थाची जी चार सुखे सांगितली, त्यांत ‘अनण सुख’ म्हणजे ऋणमुक्तीचे सुख एक आहे. परंतु घर, मुलांचे उच्च शिक्षण वा लहानसा धंदा यांसाठी आपल्या कष्टकरी समाजाला आज कर्ज काढावेच लागते. एकदा हप्ते थकले की गेलेली पत सावरण्यास बराच काळ लागतो. अशा वेळी न मागितलेल्या कर्जाची चौकशी अहवालात दिसली की माणूस हवालदिल होतो. म्हणून हा विषय समाजबांधवांसमोर मांडीत आहोत.

पतमाहिती कंपन्यांचा कायदा २००५ साली झाला. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स व क्रिफ हाय मार्क या चार कंपन्या प्रत्येक कर्जदाराची नोंद ठेवतात व सामान्यतः ३०० ते ९०० च्या दरम्यान गुण देतात. आपण स्वतः अहवाल पाहिला तर गुण कमी होत नाहीत. कर्जाच्या अर्जावरून बँकेने तो मागविला, तर मात्र चौकशीची नोंद होते. थोड्या दिवसांत अशा अनेक नोंदी झाल्या की हा माणूस पैशाच्या अडचणीत आहे, असा अर्थ निघतो.

मग अनोळखी चौकशी येते कोठून? एकच अर्ज दलाल चार ठिकाणी पाठवितो. मोबाईलवरील ‘तुमची पात्रता पाहा’ या बटणाबरोबर आपण नकळत संमती देतो. मित्राला जामीन राहिलो, तरी आपला अहवाल मागविला जातो. आणि कधी पॅनकार्डाच्या झेरॉक्सचा कोणी गैरवापर करतो. हा शेवटचा प्रकार सर्वांत घातक, कारण चौकशीमागून खोटे कर्जही येऊ शकते.

उपाय असा. चौकशी करणाऱ्या संस्थेचे नाव व तारीख टिपून घ्यावी. त्या संस्थेकडे आपल्या संमतीचा पुरावा लेखी मागावा आणि पतमाहिती कंपनीकडे तक्रार नोंदवावी. फसवणूक असेल तर पोलिसांतही कळवावे. तक्रार ३० दिवसांत मिटली नाही, तर त्यापुढे दररोज १०० रुपये भरपाई देण्याचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते. मात्र आपल्या संमतीने झालेली खरी चौकशी पुसता येत नाही. पैसे घेऊन ती पुसून देतो म्हणणाऱ्यापासून दूर राहावे.

प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. तो अवश्य मागवावा. अहवाल कोणी पाहिल्याचा संदेश मोबाईलवर आला, तर त्याच दिवशी चौकशी करावी. झेरॉक्सवर सही, तारीख व कारण लिहूनच ती द्यावी. चालू हप्ते वेळेवर भरावेत. पत सावरण्याचा खरा मार्ग तोच आहे.

बाबासाहेबांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला. त्यांच्या लेकरांना निदान स्वतःचा पतअहवाल तरी वाचता आला पाहिजे, एवढीच आमची अपेक्षा.

नमो बुद्धाय! जय भीम!