फिरकीचा हिशेब

सुरतेत उत्तरायणाला, म्हणजे आपल्या संक्रांतीला, पतंग उडवतो एक आणि फिरकी धरतो दुसरा. समजा, फिरकी हातातून निसटून गच्चीच्या कठड्याबाहेर पडली आणि दोरा मात्र उडवणाऱ्याच्या मुठीत घट्ट राहिला. दोरा उलगडत ३ मीटर खाली आल्यावर तिचा वेग किती? लिंबायतमधल्या माझ्या शिकवणीत अकरावीच्या एका मुलाला मी हे उदाहरण घातले. तो आठवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेला, आता गुजराती माध्यमात. त्याने दोऱ्याचा ताण मांडला, बल-आघूर्ण मांडले, दोन समीकरणे झाली, एक चिन्ह चुकले आणि फिरकी वर निघाली.

‘ऊर्जेचा हिशेब कर,’ म्हटले, तर त्याची शंका रास्त होती. ‘सर, दोरा तिला ओढून धरतोय. मग तो काम करत नाही कसा?’

इथे भाषा आडवी येते. डोक्यावर ओझे घेऊन उभा असलेला हमालही आपल्या लेखी काम करत असतो. भौतिकशास्त्रातले कार्य मात्र बल जिथे लागते तो बिंदू सरकला तरच होते. फिरकीवरून दोरा जिथे सुटतो, तिथला तिचा बिंदू त्या क्षणी स्थिर असतो. खाली येण्याचा आणि फिरण्याचा वेग तिथे एकमेकांना खोडून टाकतात. ताण पडण्याच्या गतीतून जेवढी ऊर्जा काढतो, तेवढीच फिरण्याला देतो. या खिशातले त्या खिशात! म्हणून ऊर्जेच्या हिशेबात ताण येतच नाही.

मुठी सोडून फिरकी भरीव दंडगोल धरू. हजार वारांतला ३ मीटर दोरा सुटल्याने तिच्या जाडीत फरक पडत नाही. भरीव दंडगोलाचे जडत्व-आघूर्ण म्हणजे वस्तुमान गुणिले त्रिज्येचा वर्ग, त्याच्या निम्मे. म्हणून फिरण्याची ऊर्जा पडण्याच्या ऊर्जेच्या निम्मी. उंचीमुळे मिळालेल्या ऊर्जेचे तीन वाटे केले, तर दोन पडण्याला, एक फिरण्याला. गुरुत्व त्वरण १० धरले, तर मोकळ्या पडणाऱ्या दगडाच्या वेगाचा वर्ग ६०. फिरकीचा त्याच्या दोन-तृतीयांश, ४०. वेग सेकंदाला सुमारे ६.३ मीटर. वस्तुमान, त्रिज्या दोन्ही गळून पडतात.

गुजराती पुस्तकात जडत्व-आघूर्णाला ‘जडत्वनी चाकमात्रा’ म्हणतात. ‘आघूर्ण’ नुसते पाठ केलेल्या या मुलाला चाक लगेच दिसले. आपल्या परिभाषेने हा शब्द उसना घ्यायला हरकत नव्हती, असे मला वाटते.

‘सगळे वजन काठावरच असते तर?’ त्याने विचारले, आणि उत्तरही त्यानेच दिले: दोन्हीकडे सारखे वाटे, वर्ग ३०, वेग ५.५ च्या आसपास.