टाकी कोणी हलवली?

सकाळी ७. बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातलं गाव, फेब्रुवारी महिना. पाणीयोजनेत लोकांचा सहभाग किती, हे मोजायचं माझं काम. आधी वस्तीवर फिरून दारांची कुलपं पाहते. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेले कोयते, म्हणजे तोडणी करणारी जोडपी, अजून कारखान्यावरच आहेत.

९. ग्रामपंचायत. जलजीवन मिशनच्या नियमाप्रमाणे पाणी समितीत १० ते १५ जण, त्यात निम्म्या बायका. कागद चोख. ग्रामसभेची गणपूर्तीही झालेली: १५ टक्के मतदार किंवा १००, यांतले जे कमी असतील तेवढे. प्रोसिडिंग उघडते. प्रत्येक ठरावाखाली ‘चर्चेअंती सर्वानुमते मंजूर’. कोणी काय विचारलं, याची एक ओळ नाही. इतकं एकमत तर एका घरातही नसतं.

११. बचत गटाच्या बायका. ‘सहभाग होता का?’ म्हटलं की सगळ्या ‘हो’ म्हणतात, म्हणून तसं विचारतच नाही. सभा किती वाजता होती? तुम्ही कुठं बसला होता?

“सभा कसली ताई, रजिस्टरच घरी आलं सहीला.”

मागून एक जण म्हणते, “मी गेलते. म्हणलं, टाकी शाळेपाशी नको, आमची वस्ती उंचावर हाय, पाणी चढायचं न्हाई.”

“मग?”

“हलवली की!”

ठरावात तिचं नाव नाही. माझ्या लेखी मात्र सगळ्या सह्यांपेक्षा हे उत्तर जड. शेरी अर्नस्टीनबाईंनी १९६९ साली सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तीत नुसती माहिती देणं तिसरी पायरी, सल्ला विचारणं चौथी. ही बाई त्याच्या वर चढली, बाकीच्या तिसरीपर्यंतही नाहीत. यांची सरासरी काढून काय कळणार?

दुपारी २. “घरात कोणी दिव्यांग?” “न्हाई.” मग ‘दिव्यांग’ शब्द टाळून वॉशिंग्टन ग्रुपचे सहा प्रश्न: पाहणं, ऐकणं, चालणं, आठवणं, स्वतःचं आवरणं, बोलणं-समजणं. ‘पायऱ्या चढायला त्रास होतो?’ यावर आजी हसतात. सभा मंदिराच्या ओट्यावर होते. त्या खालूनच परततात.

रात्री ८. उसाच्या मोळ्या भरून कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीवर, परतलेल्या जोडप्याला फोन. समितीत नाव आहे, हे बाईला माझ्याकडूनच कळतं. टाकीचा ठराव २६ जानेवारीच्या सभेतला, ऐन हंगामातला. “पट्टा पडल्यावर घ्या की सभा,” नवरा म्हणतो. म्हणजे हंगाम संपल्यावर.

१०. अहवालात ‘महिलांचा सहभाग, टक्के’ हा रकाना रिकामा ठेवते. शेऱ्यात लिहिते: सगळे ठराव १ मेच्या सभेत पुन्हा वाचावेत, ओट्याखाली, मोकळ्या जागेत.