बदललं ते नेमकं कुठे?

सोसायटीच्या नियमावलीचा मसुदा चार जणांच्या हातांतून फिरून परत येतो, तेव्हा संगणकात ‘फायनल’, ‘फायनल-२’ आणि ‘फायनल-नक्की’ अशा तीन फायली झालेल्या असतात. मग दोन फायली शेजारीशेजारी उघडायच्या आणि ओळीवर बोट ठेवून वाचत बसायचं. वास्तविक हे काम करणारी सॉफ्टवेअर पन्नास वर्षांपासून आहेत आणि त्यांतली बरीचशी फुकट मिळतात. घोळ होतो तो निवडताना, कारण त्यांतली बहुतेक प्रोग्रामरांच्या सोयीने घडलेली आहेत.

या सगळ्यांचा मूळपुरुष म्हणजे ‘डिफ’. बेल लॅब्जमधल्या डग्लस मॅकिलरॉय यांचा हा प्रोग्राम १९७४ मध्ये युनिक्सच्या पाचव्या आवृत्तीबरोबर बाहेर आला. त्याची रीत अशी, की दोन्ही फायलींत त्याच क्रमाने येणारा जास्तीत जास्त सामाईक मजकूर शोधायचा. उरेल तो फरक. यूजीन मायर्स यांनी १९८६ मध्ये हा शोध झटपट घेण्याची पद्धत मांडली. प्रोग्रामच्या आवृत्त्या सांभाळणारं ‘गिट’ आजही एरवी तीच वापरतं.

आता नियमावलीतलं एक वाक्य घ्या. जुन्यात आहे : ‘सचिवांनी सभेची सूचना सात दिवस आधी द्यावी.’ नव्यात : ‘सचिवांनी सभेची लेखी सूचना चौदा दिवस आधी द्यावी.’ शब्द धरून तुलना केली, तर ‘लेखी’ वाढला आणि ‘सात’च्या जागी ‘चौदा’ आले, एवढंच दिसतं. पण डिफ ओळ धरून चालतो. त्याच्या लेखी जुनी ओळ गेली, नवी आली. प्रोग्रामच्या ओळी आखूड असतात, तिथे हे खपून जातं. आपल्याकडे एंटर दाबेपर्यंतचा अख्खा परिच्छेद ही एकच ओळ, त्यामुळे एक शब्द बदलला तरी सगळा परिच्छेद बदललेला दिसतो.

म्हणून कोणतंही सॉफ्टवेअर घेण्याआधी पाहायचं ते एवढंच, की बदललेल्या ओळीच्या आतले शब्द ते वेगळे रंगवून दाखवतं का. विंडोजवर ‘विनमर्ज’ आणि लिनक्सवर ‘मेल्ड’ हे करतात, दोन्ही मोफत. ‘बियॉन्ड कम्पेअर’ला पैसे पडतात. रोज फोल्डरच्या फोल्डर ताडून पाहायचे असतील तर ते वसूल होतील, एरवी नाही. वर्डच्या फायलींसाठी मात्र यांतलं काहीच नको. वर्डमध्येच ‘रिव्ह्यू’खाली ‘कम्पेअर’ आहे. ते दोन्ही मूळ फायलींना धक्का न लावता बदल दाखवणारी तिसरी फाइल बनवतं. उचलून दुसरीकडे नेलेला परिच्छेदही ते ओळखू शकतं. साधा डिफ तोच परिच्छेद इथे खोडलेला आणि तिथे नवा म्हणून दाखवतो. ‘कम्पेअर’च्या पर्यायांत तुलना अक्षराऐवजी शब्दाच्या पातळीवर ठेवावी. नाहीतर मराठीत सुटी वेलांटी तेवढी लाल होते आणि वाचणारा चक्रावतो.

एकाच मसुद्यावर दोघांनी वेगवेगळे बदल केले असतील, तर दोन फायलींची तुलना पुरत नाही. नवा शब्द कोणी घातला आणि जुना कोणी काढला, हे मूळ प्रत सोबत असल्याशिवाय कळत नाही. त्यासाठी तीन रकाने दाखवणारं ‘केडिफ३’ किंवा मेल्ड घ्यावं.

मराठीचं खरं दुखणं आणखी वेगळं आहे. ‘दुसऱ्या’ हा शब्द घ्या. यातला ‘ऱ्या’ कुणी युनिकोडमधलं ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरून टाइप करतो, तर कुणाचा कळफलक साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालतो. पडद्यावर दोन्ही सारखेच. सॉफ्टवेअर मात्र ठामपणे सांगतं, की हे शब्द वेगळे आहेत. पानभर असे खोटे फरक उजळले, की खरा ‘चौदा’ त्यांत हरवतो. अशा वेळी सॉफ्टवेअर बदलून उपयोग नाही. आधी ‘शोधा आणि बदला’ वापरून दोन्ही फायलींत एकच पद्धत करून घ्यावी. एक फाइल जुन्या श्रीलिपीतली आणि दुसरी युनिकोडमधली असेल, तर रूपांतर केल्याशिवाय तुलनेला बसूच नये.

काहीही बसवून न घेता ही तुलना करून देणारी संकेतस्थळंही आहेत. नियमावलीपुरती ती चालतील. भाडेकरार किंवा पगारपत्रक मात्र तिथे चिकटवू नये, कारण तो मजकूर कुणाच्या सर्व्हरवर जातो आणि किती दिवस राहतो, हे आपल्या हातात नसतं. विनमर्ज आणि मेल्ड इंटरनेट बंद असतानाही चालतात.