चिकित्सेचे मूल्य आणि ते स्वीकारण्याच्या रीती : शिरूर-दौंड परिसराच्या संदर्भात

चिकित्सेच्या चार पादांचे वर्णन करताना वाग्भटाचार्यांनी रोग्याच्या गुणांत ‘आढ्य’ असणे, म्हणजे द्रव्यसंपन्न असणे, हा गुण आवर्जून सांगितला आहे. खर्च पेलवला नाही तर उत्तम निदान व उत्तम औषध असूनही चिकित्सा अपुरी राहते, हा अनुभव प्रत्येक वैद्यास आहे. आजच्या काळात यात एक नवी अडचण मिसळली आहे. रोग्याजवळ द्रव्य असते. परंतु ते ज्या रूपात असते, त्या रूपात स्वीकारण्याची सोय चिकित्सालयात किंवा औषधी दुकानात नसते. मग पंधरा दिवसांचे औषध लिहून दिलेला रोगी चार दिवसांचेच घेऊन जातो.

पैसा कोणत्या रूपात येतो?

शिरूर व दौंड या शेजारच्या तालुक्यांत पैशाच्या आवकीचे अनेक प्रकार आढळतात. रांजणगाव, सणसवाडी आणि कुरकुंभ येथील कारखान्यांतील कामगारांचे वेतन महिन्याच्या आरंभी बँकेत जमा होते. ऊस उत्पादकास उसाचे पैसे हप्त्याहप्त्याने मिळतात, तर दुधाचा पगार बहुधा दहा दिवसांनी होतो. हंगामात येणारा ऊसतोड मजूर आणि केडगाव परिसरातील गुऱ्हाळांवरचा मजूर बहुतांशी रोखीवर असतो. दौंड जंक्शनवरून ये-जा करणाऱ्याच्या खिशात पाकीट नसले तरी भ्रमणध्वनी असतो. या सर्वांना एकच रीत लावणे व्यवहार्य नाही.

उधारीचा खरा तोटा

‘पुढच्या वेळी द्या’ असे म्हणणे हा आपल्या व्यवसायातील जुना शिष्टाचार. त्यात माणुसकी आहे, हे खरेच. परंतु थकबाकी वाढली की रोगी संकोचतो, तपासणीस येण्याचे टाळतो आणि दुसऱ्या दवाखान्याची वाट धरतो. येथे पैसा तर बुडतोच, पण त्याहून मोठी हानी म्हणजे चिकित्सेचे सातत्य तुटते. आमवातासारख्या चिवट व्याधीत हे सातत्यच निर्णायक असते. पंचकर्माचा एकूण खर्च आरंभीच सांगून तो दोन-तीन हप्त्यांत, रोग्याच्या सोयीच्या मार्गाने घेतल्यास दोघांचाही संकोच टळतो.

नवी साधने, जुनी रोख

दूरच्या ग्राहकाकडून मूल्य घेणे आपल्या व्यवसायास नवे नाही. आयुर्वेदिक औषधे एकेकाळी व्ही.पी.पी.ने गावोगाव जात आणि पोस्टमन औषधाचे मूल्य वसूल करी. २०१६ मध्ये यूपीआय प्रणाली आली, त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला नोटाबंदी जाहीर झाली आणि ही साधने लहान दुकानांपर्यंत पोहोचली. मुरबाड तालुक्यातील धसई हे १ डिसेंबर २०१६ रोजी राज्यातील पहिले रोकडविरहित गाव म्हणून घोषित झाले; पुढे तेथे रोखीचे व्यवहार पुन्हा वाढल्याच्या बातम्या आल्या. यावरून घ्यावयाचा बोध इतकाच की, नवी सोय जुनीस बाजूला सारून नव्हे, तर तिच्या जोडीला ठेवावी. वृद्ध आजीबाईंच्या पदराच्या गाठीतील नोटा नाकारणारा फलक आपल्या दारी शोभणार नाही.

खर्च व कर

बँकखात्यातून होणाऱ्या यूपीआय व्यवहारावर आणि रूपे डेबिट कार्डावर १ जानेवारी २०२० पासून व्यापाऱ्यास शुल्क नाही. क्रेडिट कार्डावर मात्र शुल्क पडते. त्याचा दर यंत्र घेण्यापूर्वीच बँकेकडून लेखी घ्यावा. करामध्येही लाभ आहे. अनुमानित उत्पन्नाच्या पद्धतीत दुकानदाराच्या रोख विक्रीवर ८ टक्के, तर बँकेमार्फत आलेल्या रकमेवर ६ टक्के उत्पन्न धरले जाते. रोख जमा एकूण जमेच्या ५ टक्क्यांहून अधिक नसल्यास, २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून ही मर्यादा दुकानासाठी २ कोटींवरून ३ कोटी, तर वैद्यकव्यवसायासाठी ५० लाखांवरून ७५ लाख रुपये झाली आहे. तपासणी शुल्क व औषधविक्री यांची नोंद मात्र स्वतंत्र ठेवावी, कारण वस्तू व सेवा कराच्या दृष्टीने दोन्ही भिन्न आहेत.

घ्यावयाची दक्षता

१) व्यवहाराचे खाते व्यवसायाच्या नावे असावे, घरखर्चाचे खाते त्यात मिसळू नये.
२) ग्राहकाने दाखविलेल्या पडद्यावर विसंबू नये, आपल्या बँकेचा संदेश किंवा साउंडबॉक्सची घोषणा हीच पोच मानावी.
३) पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीही लागत नाही, हे साहाय्यकांस बजावून सांगावे.
४) क्यूआर कोडवर कोणी दुसरा कागद चिकटवला नाही ना, हे रोज सकाळी पाहावे.
५) जाळे मिळत नसेल तेव्हा रोगी ताटकळत राहू नये, म्हणून सुटे पैसे व पावतीपुस्तक हाताशी ठेवावे.

आपल्या चिकित्सालयात गेल्या महिन्यात किती रोग्यांनी औषध अपुरे नेले आणि का, याची नोंद वैद्यबंधू-भगिनींनी एकवार तपासून पाहावी. त्यातील काहींचे कारण रोगात अथवा औषधात नसून आपल्या गल्ल्यावरच आढळेल. आणि त्यावरील उपाय फारसा खर्चिक नाही.