कण्याचा एमआरआय कधी?

बोरिवलीहून चर्चगेटला उभ्याने जाणाऱ्या माणसाची पाठ दुखली, की दोष लोकलवर जातो. बहुतेकदा तो बरोबरही असतो. पण पंचविशीतल्या तरुणाची कंबर पहाटे आखडते, विश्रांतीने अधिकच दुखते आणि हालचालीने मोकळी होते, तेव्हा अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसचा संशय घ्यायला हवा. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. सुरुवात बहुधा कंबरेखाली, माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीच्या दोन्ही बाजूंच्या सांध्यांत होते. या आजाराचे १९८४ चे निकष एक्स-रेवर उभे होते, आणि एक्स-रेत दिसते ते झालेले नुकसान. त्याला वर्षे लागतात. एमआरआय मात्र हाडाच्या मगजातली सूज आधीच दाखवतो, म्हणून २००९ च्या निकषांत त्याला स्थान मिळाले.

मग अंधेरी-मुलुंडच्या प्रत्येक पाठदुखीला एमआरआय का नको? खर्च हे एक कारण, पण मुख्य नव्हे. तशीच सूज निरोगी धावपटूंत आणि नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांतही आढळते. एकाच बाजूच्या सांध्यात ती असेल, तर मुंबईत क्षयरोगाचाही विचार करावा लागतो. ही गल्लत महागात पडते, कारण अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसवरची काही जैविक औषधे सुप्त क्षय जागा करतात. त्यांच्याआधी छातीचा एक्स-रे काढतात तो यासाठीच. उपचार सुरू झाल्यावरही दर भेटीला स्कॅन लागत नाही. कण्याचा एक्स-रे तर दोन वर्षांच्या आत पुन्हा काढू नये, असे युरोपीय संधिवाततज्ज्ञांची संघटना सांगते.